दादाचं स्टेरॉइड कमी करताना: हार्ट ट्रान्सप्लांटनंतर गावात राहून काय काय पाहावं लागते

ट्रान्सप्लांटनंतर तिसऱ्या महिन्यात दादा गावी आला तं पारावरचे सगळे एकच म्हणे, काय बाप्पा, लय गबरू झाला न बे तू, दवाखाना मानवला तुले! ऑपरेशनच्या आधी नुसता सापळा राहिला होता माणूस, आता गाल भरलेले, चेहरा गोल, मानेमागं चरबीची गादी. आई तर दृष्ट काढायला बसली. आता कोणाकोणाला सांगावं की हा गोलपणा तब्येतीचा नाही, गोळीचा आहे, आणि पुढचं वर्षभर आपलं काम हेच आहे की गोळी उतरवायची आणि नवीन हृदयाला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही.

मी काही डॉक्टर नाही, यवतमाळ जिल्ह्यात कापूस-तुरीची शेती आहे, पण दादाच्या औषधाची वही मी सांभाळतो आणि दोन वर्षांत जे ठेचा खाऊन शिकलो ते लिहून ठेवतो. एक गोष्ट आधीच सांगतो, खाली जे आकडे येतील ते दादाचे आहेत, तुमच्या पेशंटचे तुमच्या ट्रान्सप्लांट टीमनं लिहून दिलेले राहतील, तेच चालवायचे. हे वाचून घरच्या घरी गोळी अर्धी करायची नाही.

गोळी कशासाठी आणि कमी कशासाठी

दुसऱ्याचं हृदय बसवलं की शरीराला ते पाहुणं नाही, चोर वाटते, आणि ते त्याच्यावर धावून जाते, यालाच रिजेक्शन म्हणतात. ते दाबून ठेवायला बहुतेक ठिकाणी तीन औषधं राहतात, टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि तिसरं प्रेडनिसोलोन म्हणजे आपलं स्टेरॉइड. ऑपरेशनच्या वेळी शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोनचे मोठे डोस जातात, ५०० ते १००० मिलिग्राम, मग गोळी चालू होते आणि ती पायरीपायरीनं खाली येते. पहिल्यांदा १९६७ साली केपटाउनला डॉ. बर्नार्डनं हृदय बदललं तो पेशंट १८ दिवसांत न्यूमोनियानं गेला, तेव्हा प्रतिकारशक्ती दाबायला ढोबळ औषधंच होती. ८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन आलं, नंतर टॅक्रोलिमस आलं, मुख्य भार त्यांनी उचलला म्हणून आज स्टेरॉइड खाली आणायचा विचार तरी करता येते.

आणि आणायचं कशासाठी तर त्याच्यानं शुगर वाढते, बीपी वाढते, कोलेस्ट्रॉल वाढते, हाडं ठिसूळ होतात, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद होऊन ते हाड मरू शकते, डोळ्यात मोतीबिंदू लवकर येते, जखम भरत नाही, इन्फेक्शन पटकन धरते. झोप नाही, चिडचिड, भूक मात्र राक्षसासारखी. दादा रात्री दोनला उठून शिळी भाकर खायचा, वहिनीला वाटे भूत शिरलं.

पण सगळ्यांचं कमी होत नाही हेही कानात ठेवा. हृदय आणि फुप्फुस बदलणाऱ्या डॉक्टरांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे तिच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांत असं आहे की ज्यांना धोका कमी आहे अशा बऱ्याच पेशंटचं स्टेरॉइड ३ ते ६ महिन्यांनंतर काढता येते. धोका कमी म्हणजे आतापर्यंत रिजेक्शन आलं नाही, रक्तात दुसऱ्याच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी नाहीत. ज्या बाईला दोनचार बाळंतपणं झाली तिच्या रक्तात अशा अँटिबॉडी असायची शक्यता जास्त राहते म्हणून तिथं डॉक्टर हात आखडतात. कोणाचं बंद होते, कोणाचं २.५ किंवा ५ मिलिग्रामवर कायम राहते, आणि त्यात हरल्यासारखं काही नाही. शेजारच्या तालुक्यातला एक पेशंट ओपीडीत भेटला, त्याचं आठ महिन्यांत बंद झालं, तेव्हापासून दादाच्या डोक्यात त्याच्याशी शर्यत चालू झाली, ती मोडून काढायला मला डॉक्टरपेक्षा जास्त बोलावं लागलं.

आधी वही, मग गोळी

कमी करणं चालू व्हायच्या आधी शंभर पानी वही घ्या. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी वजन. मग बीपी, नाडी, ताप, शुगर असेल तर शुगर. नाडीचं एक सांगतो, बदललेल्या हृदयाच्या नसा कापलेल्या राहतात म्हणून बसल्या बसल्या ठोके ९० ते ११० राहतात, आमच्या आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर पहिल्यांदा घाबरल्याच होत्या. याच्यातच दुसरी गोम आहे, नसा कापलेल्या म्हणून छातीत दुखणं बहुधा जाणवतच नाही, म्हणजे दुखलं की जाऊ असं म्हणत बसाल तर बसूनच राहाल.

वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक पायरी तारखेसकट लिहायची, कोणत्या तारखेपासून किती मिलिग्राम, त्याच्यानंतर कोणती टेस्ट आली, काय आली. "एक गोळी" असं कधीच लिहू नका, मिलिग्राम लिहा. आमच्याकडं एकदा मेडिकलवाल्यानं ५ च्या जागी १० ची स्ट्रिप दिली, पाकीट सारखंच, वहिनीनं रोजच्यासारखी एक दिली, चार दिवस दुप्पट डोस गेला, शुगर २८० आली तेव्हा समजलं. आणखी एक, प्रेडनिसोलोन आणि मिथाइलप्रेडनिसोलोन ह्या दोन वेगळ्या गोळ्या आहेत, पहिलीचे ५ मिलिग्राम म्हणजे दुसरीचे ४. दुकानदार म्हणेल एकच आहे घेऊन जा, तर नाही घ्यायची.

पायऱ्या कशा उतरतात

दादा घरी आला तेव्हा १५ मिलिग्रामवर होता. मग १२.५, मग १०, सहाव्या महिन्याच्या आसपास ७.५. वरच्या पायऱ्या भराभर उतरतात, ५ च्या खाली मात्र मुंगीच्या पावलानं. त्याचं कारण समजून घ्या. आपल्या किडनीच्या वर दोन लहान ग्रंथी राहतात, त्या रोज कॉर्टिसोल म्हणजे शरीराचं घरचं स्टेरॉइड बनवतात, साधारण प्रेडनिसोलोनच्या ५ मिलिग्रामएवढं. बाहेरून आयतं मिळू लागलं की त्या ग्रंथी काम सोडतात. घरी नळ आला की विहिरीवर कोण जाते? आणि वर्षभरानं एकाएकी नळ बंद झाला तं विहिरीत गाळ साचलेला राहते, उपसायला वेळ लागते. म्हणून ५ पर्यंत प्रश्न मुख्यतः हृदयाचा, ५ च्या खाली प्रश्न हृदयाचाही आणि त्या ग्रंथींचाही.

प्रत्येक पायरीनंतर काही आठवड्यांनी हृदय कसं आहे ते पाहतात. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी तर असतेच, पण खरी टेस्ट बायोप्सी, मानेच्या उजव्या शिरेतून बारीक चिमटा हृदयाच्या उजव्या कप्प्यात नेऊन तीळाएवढे तुकडे काढतात. ऐकायला भयंकर आहे पण भूल नुसती मानेपुरती असते, दादा त्या टेबलावर पडून डॉक्टरांना सोयाबीनचा भाव सांगायचा. रिपोर्टवर ० आर, १ आर, २ आर, ३ आर असं लिहून येते. शून्य म्हणजे काही नाही, एक म्हणजे हलकं, दोन आणि वर आलं की बहुधा उपचार, म्हणजे स्टेरॉइडचे मोठे डोस परत. काही मोठ्या शहरात आता रक्तावरूनही अंदाज घेतात, दात्याच्या पेशींचा डीएनए रक्तात किती फिरतो ते मोजून, तुमच्या टीमला विचारून पाहा.

७.५ वरून ५ ला आल्यावर दादाचं १ आर आलं. डॉक्टर म्हणाले थांबू. वाढवलं नाही, कमीही नाही केलं, दोन महिने तिथंच. दादाचा चेहरा असा पडला जसा बोंडअळीनं शेत खाल्लं. पण थांबणं हा कमी करण्याचाच भाग आहे हे घरच्यांनी समजून घेतलं पाहिजे, नाही तर पेशंट चोरून एक दिवस आड करायला लागते.

स्टेरॉइड उतरत असताना टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल भक्कम पाहिजे, कारण आता भार त्याच्यावर आहे. सुरुवातीच्या महिन्यांत १० ते १५ आणि पुढं ५ ते १० च्या आसपास ठेवतात बरेच जण, तुमचं टार्गेट वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. हे रक्त सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं असते, रात्रीच्या गोळीपासून बारा तासांनी. आमची पंचाईत ही की गावातून पहिली एसटी सहाला, तालुक्याचं कलेक्शन सेंटर उघडते साडेआठला, म्हणून आदल्या दिवशीची रात्रीची गोळी बरोबर नऊला घ्यायची आणि सकाळची खिशात बांधून न्यायची, रक्त दिलं की तिथंच बाकावर पाण्यासोबत घ्यायची. एकदा दादानं सवयीनं घरीच गोळी घेतली, लेव्हल भलतीच वर आली, त्या आकड्यावर डोस कमी केला असता तर काय झालं असतं! म्हणून गोळी आधी घेतली गेली तर लाजू नका, सरळ सांगा आणि रक्त दुसऱ्या दिवशी द्या. आणि दोन औषधं एकाच आठवड्यात कमी होताना दिसली तर विचारा की हे मुद्दाम आहे का लिहिण्यात चूक आहे, विचारण्यात काही पैसे लागत नाहीत.

पुडीची गोष्ट

हा भाग मी लांब लिहिणार आहे कारण गावात सगळ्यात जास्त घोळ इथंच होते.

स्टेरॉइड उतरू लागलं की अंग दुखते. गुडघे, खांदे, मनगट, सकाळी उठवत नाही, रडू येते, भूक मरते. ग्रंथी जागी व्हायला वेळ लागते त्याचं हे दुखणं, बऱ्याच जणांना होते, आणि डॉक्टरांना सांगितलं तर ते पायरी लहान करतात किंवा थांबवतात. दादानं सांगितलं नाही, कारण सांगितलं तं हे अजून दोन महिने थांबवतील. ५ वरून २.५ ला आलेला, दहा-बारा दिवस खाटेवरच, मग एक दिवस एकदम उठून वखरणीच्या मागं शेतात. आम्ही खुश. वहीत मात्र सकाळची शुगर १६०, १९०, २२०. गोळी कमी होत आहे आणि शुगर चढत आहे, हे जमतच नव्हतं. शेवटी वहिनीला त्याच्या बंडीच्या खिशात कागदाच्या पुड्या सापडल्या, बाजाराच्या दिवशी गुडघेदुखीची औषध देणारा एक जण बसते त्याच्याकडच्या, दोन पांढऱ्या गोळ्यांचा चुरा आणि एक पिवळी.

अशा पुडीत बरेचदा डेक्सामेथासोन, म्हणजे तेही स्टेरॉइडच, किंवा त्याचा भाऊ असते, सोबत डायक्लोफेनॅकसारखी पेनकिलर. डेक्सामेथासोनचे ०.७५ मिलिग्राम म्हणजे प्रेडनिसोलोनचे ५. अर्ध्या मिलिग्रामच्या दोन गोळ्या पुडीत असल्या तं एका पुडीत साडेसहा मिलिग्रामच्या वर गेलं, दिवसाला दोन पुड्या धरा. म्हणजे आम्ही दारातून अडीच मिलिग्राम काढत होतो आणि खिडकीतून तेरा आत येत होते. ग्रंथी परत झोपल्या. आणि पेनकिलर टॅक्रोलिमससोबत किडनीवर बसते ते वेगळंच, क्रिएटिनिन वाढलेलं निघालं.

सगळ्यात मोठी भीती त्यानंतरची. पुडी एकदम बंद केली तं कॉर्टिसोल एकदम पडेल. म्हणून सापडली तरी हिसकून चुलीत टाकू नका, तशीच पुडी हातात घेऊन डॉक्टरांना फोन करा, आम्ही तसंच केलं. त्यांनी एक शब्द न रागावता ५ वर परत आणलं आणि तिथून नव्यानं मोजलं. दादा त्या दिवशी लेकरासारखा रडला. मी त्याला एवढंच विचारलं, काहून नाही सांगतलं दुखते म्हणून? तर म्हणे, तुम्ही सगळे वही पाहता, मले कोण पाहते? त्या दिवसापासून वहीत एक रकाना वाढवला, आज कसं वाटते, आणि तो दादा स्वतः लिहितो, कधी नुसतं "ठीक", कधी "कटाळा".

जाता जाता, हाडांची ताकद पाहायची एक टेस्ट असते तिचंही नाव डेक्सा. ती टेस्ट करायची, ती गोळी नाही घ्यायची. आमच्या घरात या दोन डेक्सांनी लय गोंधळ घातला.

चक्कर आली तर ऊन समजू नका

आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, चक्कर आली, उलटी झाली, गळून गेला तर घरचे म्हणतात ऊन लागलं, कांदा फोडा, पन्हं द्या. पण ज्याचं स्टेरॉइड उतरत आहे किंवा बंद होऊन वर्ष झालं नाही त्याचं हेच चित्र कॉर्टिसोल कमी पडल्याचं राहू शकते: उभं राहिलं की अंधारी, मळमळ, उलटी, पोटदुखी, बीपी खाली, शुगर खाली, गुंगी. घरी दोन्ही ओळखता येत नाहीत, म्हणून ओळखत बसायचंच नाही, बीपी मोजा आणि फोन करा. जास्तच असेल तर आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्या आणि दारातूनच सांगा की हा हृदय बदललेला, स्टेरॉइडवरचा माणूस आहे, तिथं शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन देता येते.

रिजेक्शनचं चित्र थोडं वेगळं, आणि बरेचदा चित्रच राहत नाही, म्हणून तं बायोप्सी. तरी दोनतीन दिवसांत वजन दीड-दोन किलो चढलं, पायावर सूज, जिना चढताना किंवा निजल्यावर दम, धडधड, बीपी नेहमीपेक्षा खाली, विनाकारण थकवा, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी फोन. ताप १००.४ च्या वर गेला की रात्र असो का पोळा असो, फोन. स्टेरॉइडमुळं ताप दबूनही राहते, म्हणून ९९.५ आणि माणूस मलूल असेल तरी मी वाट पाहत नाही.

आजारपणात ग्रंथींना जास्त कॉर्टिसोल बनवावं लागते आणि त्यांना ते जमत नाही. म्हणून ताप, जुलाब, दात काढणं, कोणतंही ऑपरेशन, अपघात, अशा वेळी डोस तात्पुरता वाढवावा लागतो. किती आणि किती दिवस हे आधीच टीमकडून लिहून घ्या. उलटीत गोळी पडली तर काय, हेही लिहून घ्या. आम्ही हे रात्री अकराला फोनवर विचारत होतो, नेटवर्कसाठी गच्चीवर चढून.

शुगरवाल्यांसाठी एक ओळ पण महत्त्वाची: स्टेरॉइड उतरले की इन्सुलिनची गरजही उतरते, डोस तोच ठेवला तं शुगर पडते. प्रत्येक पायरीला शुगरच्या औषधाचंही विचारा.

दुकानातली औषधं, जेवण, शेत

गावातल्या डॉक्टरकडं खोकल्यासाठी गेलं तरी टॅक्रोलिमस चालू आहे हे आधी सांगा. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल, डिल्टियाझेम यांनी टॅक्रोलिमस चढते. टीबीचं रिफॅम्पिसिन आणि फिटाची काही औषधं त्याला धडाधड खाली पाडतात, रिफॅम्पिसिन तर प्रेडनिसोलोनही लवकर संपवते, म्हणजे दोन्ही कुंपणं एकदम पडली. टीबी आपल्याकडं कमी नाही, तेव्हा उपचार चालू करायच्या आधी टीमशी बोलणं झालंच पाहिजे. जडीबुटी, काढे, ताकदीची चूर्णं बंद.

ग्रेपफ्रूट आणि पपनस नाही खायचं. नागपुरी संत्र्याचं मी स्पष्ट विचारलं, कारण मामाकडं बगीचा आहे, डॉक्टर म्हणाले संत्रं चालते, पोटॅशियमवर लक्ष ठेवून. मीठ कमी, म्हणजे लोणचं, पापड, सांडगे ताटाबाहेर, ज्वारीची भाकर आणि बिनतर्रीची भाजी. तर्री सोडणं स्टेरॉइड सोडण्यापेक्षा अवघड गेलं दादाला.

शेतात जाऊ द्या, चालणं आणि हलकं काम हाडामांसाला पाहिजेच, पण कुटाराची धूळ, शेणखताचा ढीग, बुरशी धरलेलं कडब्याचं गंज, जुनी कणगी उपसणं यापासून लांब, त्यातल्या बुरशीनं फुप्फुस धरते. मळणीच्या दिवसात दादा सरळ बहिणीकडं जातो.

शेवटची पायरी

शेवटचे अडीच काढायच्या आधी सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसोलची टेस्ट करतात, त्या दिवशीची प्रेडनिसोलोन घ्यायच्या आधी, नाही तर आकडा खोटा येते. दादाची दोनदा झाली, दोन्हीदा कमी निघालं. पुडीचा हिशेब अजून फिटला नाही असं मी म्हणतो, डॉक्टर म्हणतात काही जणांना वेळ लागते. सध्या तो २.५ वर आहे, शुगर बिनइन्सुलिनची झाली, गाल उतरले, आणि पारावरचे आता म्हणतात, खराब झाला बिचारा.

बंद झालं तरी एक चिठ्ठी खिशात राहणार आहे. मी ती पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहून प्लास्टिकमध्ये शिवली, एक त्याच्या खिशात, एक वहिनीच्या पर्समध्ये, एक गाडीच्या डिक्कीत. मराठीतच लिहिली, म्हणजे रस्त्यावर कोणाला सापडली तरी वाचता येईल: "माझं हृदय बदललेलं आहे. मी स्टेरॉइडवर आहे किंवा होतो. बेशुद्ध सापडलो तर शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन द्या. पेनकिलरचं इंजेक्शन देऊ नका. खालच्या नंबरवर फोन करा." खाली दोन नंबर, टीमचा आणि माझा.